ओली पिंडी

काळजाईगडाच्या पूर्वबुरुजावर पहाट फुटली तेव्हा खाली गनिमाच्या छावणीत दिवट्या अजून जळत होत्या, आणि वर सदरेलगतच्या दालनात किल्लेदारीण हंसाबाई चोरदिंडीच्या पायऱ्यांवर वाजणारी पावले ऐकत होत्या. ती पावले त्यांच्या धन्याची, सुभानरावांची! सुभानराव तर तहाच्या बोलणीला गड उतरले ते परतलेच नव्हते. माघारी आला तो त्यांचा रिकामा घोडा. तरी पावले रोज येत, दाराशी थांबत. बाईंना दार उघडायचा धीर होत नसे.

त्या दिवशी गड खाली करायचा होता. धान्य सरले होते. "सुभानरावांचा घात आमच्या बेलगाम शिपायांनी केला, त्यांची मुंडकी आम्ही उडवली, आता बायकापोरांसह उतरा, केसाला धक्का लागणार नाही," असा गनीम सर्जेरावाचा निरोप होता. ग्वाही म्हणून त्याने पहिल्या बोलणीच्या वेळीच शपथ वाहून धाडलेली स्फटिकाची शिवपिंडी गडावर होतीच. खऱ्या स्फटिकावर वाहिलेली शपथ मोडणाऱ्याचा निर्वंश होतो, अशी त्या मुलखाची पक्की श्रद्धा.

सदर भरली. कारभारी अंताजीपंतांनी पिंडी चांदीच्या ताम्हनात, अभिषेकाच्या पाण्याने निथळती आणली. मानकऱ्यांनी बोट लावून पाहिले. थंडगार! "अस्सल स्फटिक," जो तो म्हणाला. गड उतरण्याआधी सुभानरावांनीही असेच ओल्या पिंडीला बोट लावले होते. बाई तेव्हा पडद्याआड होत्या.

आज त्यांना एकाएकी वडिलांचा आवाज आठवला. ते दरबारच्या जवाहिरखान्याचे दारोगे. सौद्याला बसले की म्हणत, "हंसे, ओला खडा घेऊ नये गं. पाण्यात काचही थंडच लागते. आधी पुसावा, मुठीत धरून पाहावा. विकणारा घाई करू लागला तर निमूट उठून यावे."

"पंत, पिंडी आमच्या हाती द्या."

सदर चरकली. पंत म्हणाले, "बाईसाहेब, विधवेच्या हाताने देव विटाळेल! शिवाय उतरायची वेळ टळते आहे."

घाई! बाई पडदा सारून भर सदरेत आल्या, पिंडी उचलून पदराने कोरडी केली आणि एका मुठीत धरली. दुसऱ्या मुठीत गळ्यातली स्वतःची स्फटिकमाळ. माळ थंडच राहिली. पिंडी मात्र बघता बघता कोमट झाली.

"ही काच आहे," बाई म्हणाल्या. "काचेवरच्या शपथेची सर्जेरावाला कसली भीती?"

"भलतेच काहीतरी!" पंत ओरडले.

"बरे तर. आधी तुम्ही उतरा, सहकुटुंब. आम्ही बुरुजावरून पाहतो."

पंतांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी बाईंच्या पायांवर लोळण घेतली. "जहागिरीच्या लोभाने बुद्धी फिरली, बाईसाहेब! काच सर्जेरावांनीच धाडली होती. मी फक्त ती ओली ठेवत गेलो."

पंत अंधारकोठडीत गेले. बाई स्वतः तलवार घेऊन शिबंदीसह चोरदिंडीने उतरल्या. तहाच्या भरवशावर गाफील बसलेली छावणी उधळून त्यांनी रसद गडावर चढवली. सर्जेराव जीव घेऊन पळाला.

काचेची पिंडी बाईंनी आपल्या दालनातल्या पेटीत कुलूपबंद केली. पावले मात्र थांबली नाहीत. माघातल्या एका कडाक्याच्या पहाटे त्यांनी अखेर धीर करून दार उघडले. पायऱ्या रिकाम्या होत्या. बाईंनी पेटीचे कुलूप काढले आणि पिंडी गालाला लावली.

ती कोरडी होती, आणि कोमट होती. कुणीतरी रात्रभर तिला मुठीत धरून तपासत बसले होते.