वारा समोरून होता

"जाताना सहा तास आणि येताना आठ? ढब्बू, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी खेकसले.

ढब्बू म्हणजे आजोबांची शुश्रूषा करणारा आमचा यंत्रमानव. "आहे, मृण्मयी," तो शांतपणे म्हणाला. "नागपूर ते टोकियो, विमानतळापासून विमानतळापर्यंत, साधारण सहा हजार शंभर किलोमीटर. येतानाही तेवढंच. वेळ मात्र जास्त."

आई टोकियोहून निघाली होती. आजोबांचा श्वास सकाळपासून अडखळत होता आणि डॉक्टरांनी तिला ताबडतोब बोलावून घ्यायला सांगितलं होतं. ती वेळेत पोचेल ना, एवढाच प्रश्न होता. उशिराचं कारण मला पक्कं ठाऊक होतं. गेल्या महिन्यात निघताना आई घाईघाईत "जाते गं!" म्हणाली होती. असं कुणी म्हणतं का? "येते" म्हणायचं असतं! म्हणूनच तिची परतीची वाट लांबली. मी रडत रडत आजोबांना हे सांगितलं.

आजोबा हसले. हवामानखात्यात त्यांनी जन्मभर वारेच मोजले होते. "वेडाबाई! शब्दानं कुठे विमान अडतं? विमानतळावरचा सरकता पट्टा आठवतो? त्यावर उलटं चाललीस तर?"

"पाय दुखतात, आणि आपण जवळजवळ तिथल्या तिथेच!"

"तसंच. हिवाळ्यात वर दहा-बारा किलोमीटरवर झोतवारा (पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगानं वाहणारा वाऱ्याचा पट्टा) असतो. विमान हवेतून तासाला नऊशे किलोमीटर कापतं. टोकियोला जाताना वारा पाठीशी, म्हणून दीडशेची भर. येताना तोच समोर, म्हणून दीडशे वजा. कर बघू भागाकार."

मी केला. एक हजार पन्नासनं भागलं तर सहाच्या आत, साडेसातशेनं भागलं तर आठच्या वर. ढब्बूचं बरोबर होतं.

"मग वाऱ्याला चुकवून यायचं ना!"

"येतात की. वैमानिक कधी कधी लांबची वाट घेतात. किलोमीटर वाढतात, पण वेळ वाचतो." आजोबांना धाप लागली. माझा हात घट्ट धरून ते म्हणाले, "मनू, तुझ्या आईला सांग, वारा समोरून होता."

मला वाटलं, गणितच समजावून सांगायचंय. मी मान डोलावली.

आईचं विमान उतरायच्या तासभर आधी आजोबा गेले.

आई दारातच मटकन खाली बसली. "नाना, मला उशीर झाला हो! माझ्याच तोंडून 'जाते' निघालं होतं..."

तेव्हा कुठे मला आजोबांचं बोलणं कळलं. मी तिच्या गळ्यात पडले. "आई, वारा समोरून होता. आजोबांनी तुला सांगायला सांगितलंय." मग आम्ही दोघी खूप रडलो.

आता मी रोज ढब्बूकडून वरच्या वाऱ्यांचे नकाशे मागवते. समोरच्या वाऱ्यातूनही माणसाला लवकर घरी आणणारी वाट मला शोधायची आहे, आणि मी ती शोधणारच.

परवा आई पुन्हा टोकियोला निघाली. दारात वळून म्हणाली, "येते गं." शब्दानं विमान अडत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी मी तिच्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं.