गुरुवारचा दुभाष्या

रिक्षावाला तावातावानं काहीतरी म्हणाला, आणि पारमिताला त्यातलं अक्षरही कळलं नाही.

वडगावात मैत्रिणीच्या, सौम्याच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली होती. पुढं गुडघाभर पाणी. भुरभुर पाऊस सकाळपासून सुरूच. पारमिता मराठीत विनवत होती, तो कानडीत नाही म्हणत होता. तिचं बालपण निपाणीत गेलं, शिक्षण कोल्हापुरात. कानडी होती ती भाजी घेण्यापुरती.

"मी सांगू काय त्याला?"

शेजारच्या दुकानाच्या पायरीवर एक जण उभा होता. खांद्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं साड्यांचं गाठोडं, केसांतून पाणी निथळतंय... आणि चेहऱ्यावर असा भाव, की पाऊस पडतोय ही जणू त्याचीच चूक!

तो रिक्षावाल्याशी बोलला. रिक्षावाल्यानं हात उडवत भलं मोठं उत्तर दिलं.

"ते म्हणतायत," तो पारमिताला म्हणाला, "पुढं पाणी लई हाय. ताईंना त्रास नको म्हणून इथंच सोडतो."

"एवढं मोठं बोलले, त्याचं एवढंच?"

"कानडी जरा लांब असते ओ."

तिला हसू आलं. त्यानं दुकानदाराची छत्री मागून घेतली आणि तिला गल्लीतल्या उंच कडेनं सौम्याच्या दारापर्यंत पोचवलं. छत्री सगळी तिच्यावर, तो सगळा पावसात. नाव विचारायचं राहिलंच.

सौम्या गॅलरीत उभी राहून पोट धरून हसत होती. "काय म्हणाला माहितेय रिक्षावाला? 'एवढं वाटतंय तर उचलून ने की तुझ्या बायकोला!'"

पारमिताचे कान गरम झाले. तिनं वळून बघितलं... गल्लीत फक्त पाऊस होता.

पारमिता आणि सौम्या कॅम्पातल्या एका समुपदेशन केंद्रात काम करत. पारमितानं नेहमीच्या शिक्षणासोबत टॅपिंगही शिकून घेतलं होतं. भुवईच्या टोकाशी, डोळ्याच्या कडेला, नाकाखाली, हनुवटीवर, गळ्याखालच्या हाडावर बोटांनी हलकेच टपटप करायचं आणि मनातलं मोठ्यानं म्हणायचं. 'जरी मला असं असं वाटतंय, तरी मी आहे तशी मला मान्य आहे.' त्यानं नेमकं काय होतं यावर डॉक्टरांची मतं वेगवेगळी होती, आणि पारमिता ते लपवत नसे. पण तिला शिकवणाऱ्या बाई एक गोष्ट सारखी सांगत. बोट थोडं इकडंतिकडं पडलं तर चालेल, शब्द इकडंतिकडं पडता कामा नये. 'मला कसंतरी होतंय' म्हणून काही हलत नाही. कसंतरी म्हणजे कसं, ते शोधायचं.

पुढच्या गुरुवारी केंद्राचं दार उघडलं आणि एका बाईंचा हात धरून तोच छत्रीवाला आत आला. दोघांनीही एकमेकांना ओळखलं. त्यानं मान खाली घातली.

त्याचं नाव मंथन. आई चंद्राबाई. वडगावात त्यांच्या घरी पॉवरलूम होते, साड्या विणल्या जात. वडील यमनाप्पा उन्हाळ्यात हृदयविकारानं गेले. तेव्हापासून सकाळी माग सुरू झाले की चंद्राबाईंची छाती आवळून यायची. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, हृदयात दोष नव्हता. मग त्यांनीच इथं पाठवलं होतं. चंद्राबाईंना बाजारापुरती मराठी यायची. पण नवरा गेल्यापासून त्या कानडीशिवाय बोलत नव्हत्या. तेही थोडंच.

"मी सांगत जाईन त्यांचं," मंथन म्हणाला.

अशा त्या गुरुवारच्या भेटी सुरू झाल्या. पारमिता विचारायची, मंथन कानडीत सांगायचा, चंद्राबाई उत्तर द्यायच्या, आणि मंथन ते मराठीत आणायचा. "अव्वाला वाईट वाटतं." "अव्वाला आप्पांची आठवण येते." पारमिता त्यावरून वाक्य बांधायची, 'जरी मला दुःख झालंय, तरी...' आणि चंद्राबाई भुवईशी बोटं नेत ते म्हणायच्या. शाळेतली पोरं प्रार्थना म्हणतात तसं. डोळे खिडकीबाहेर. छाती तशीच आवळलेली.

जाताना मंथन जिन्यात रेंगाळायचा.

"मॅडम, त्या दिवशी छत्री..."

"त्या दिवशी रिक्षावाला काय म्हणाला होता?"

"सांगितलं की."

"खरंच?"

तो लाल व्हायचा. एकदा त्यानं खालच्या हॉटेलात कॉफीला येता का विचारलं. पारमिता क्षणभर थांबली. यायचं होतं... म्हणूनच थांबली.

"तुमच्या आई माझ्याकडे येतायत, तोवर नको."

"व्हय," तो म्हणाला. वाद घातला नाही. ते तिला आवडलं, आणि मग दिवसभर खटकत राहिलं.

एका गुरुवारी चंद्राबाई अचानक बोलू लागल्या. थांबेचनात. मूठ गुडघ्यावर आपटत होती, आवाज चढला होता. 'सिट्ट' हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हापुन्हा येत होता.

"आप्पांच्या आठवणीनं त्यांना झोप लागंना," मंथन म्हणाला.

पारमितानं त्याच्याकडे बघितलं. मग चंद्राबाईंच्या मुठीकडे.

ती शेजारच्या खोलीत गेली. "सौम्या, सिट्ट म्हणजे काय गं?"

"राग."

परत येऊन तिनं मंथनला बाहेर बोलावलं.

"तुमच्या आईला राग आलाय. तुम्ही मला आठवण सांगताय."

तो कठड्याला टेकला. बाहेर झाडांवरून पाणी ठिबकत होतं. "गेलेल्या माणसावर राग... आईचा... आप्पांवर. मी माझ्या तोंडानं कसं सांगू?"

"मग मी दुःखाचं औषध रागाला लावत बसले, ते चालतं तुम्हाला? आठवडे गेले त्यांचे. मला गोड मराठी नकोय, मंथन. त्या म्हणतात तेच हवंय. नसेल जमत तर सौम्या करेल हे काम."

ती पहिल्यांदाच त्याला नावानं हाक मारत होती, आणि तीही रागानं.

"जमंल," तो हळूच म्हणाला.

दोघे आत आले. पारमितानं चंद्राबाईंच्या समोर खुर्ची ओढली आणि स्वतःच्या मोडक्या कानडीत विचारलं, "सिट्ट? याक?" का?

चंद्राबाईंनी तिच्याकडे रोखून बघितलं. त्यांची बोटं आपसूक गळ्याखालच्या हाडाशी गेली होती.

"ननग हेळलिल्ल," त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या.

"'मला सांगितलं न्हाई,'" मंथन म्हणाला. "'यजमानांना डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. त्यांनी मला सांगितलं न्हाई. मी रोज त्यांना भाकरी वाढत होते, आणि ते रोज माझ्यापासून लपवत होते. कुणीच मला सांगितलं न्हाई. घरात कुणाला म्हाईत असंल, तर त्यानं पण...'"

तो थांबला. खोलीत फक्त चंद्राबाईंच्या बोटांची टपटप. मग मंथन खुर्चीवरून उठला, आईच्या पायांशी बसला आणि कानडीत बोलू लागला. ते पारमितासाठी नव्हतं, त्यानं तिला अर्थ सांगितला नाही. तिला एकच शब्द कळला. 'गोत्तित्तु.' ठाऊक होतं. आप्पांनी त्याला सांगितलं होतं, आणि वर कुणाला न सांगायची शपथ घातली होती, हे तिला नंतर कळलं.

टपटप थांबली. चंद्राबाईंनी तोच हात उचलला आणि लेकाच्या खांद्यावर फटका मारला. मग दुसरा. मग त्याचं डोकं छातीशी ओढून त्या रडू लागल्या. दिवसकार्यातही न रडलेली ती बाई आता मोठ्यानं रडत होती. पारमितानं त्यांना थांबवलं नाही.

बऱ्याच वेळानं चंद्राबाईंनी डोळे पुसले आणि बोटं भुवईशी नेली. 'मला सांगितलं न्हाई, म्हणून मला राग आलाय...' वाक्याचा दुसरा अर्धा भाग मात्र त्या म्हणेनात.

"खरं वाटत नसेल तर म्हणू नका," पारमिता म्हणाली. "खरं आहे तेवढंच म्हणा."

मंथननं ते जसंच्या तसं सांगितलं. चंद्राबाईंनी जरा विचार केला. "मला राग आलाय, तरी मी आज जेवणार."

पारमिताला हसू आणि रडू एकदमच आलं. पुस्तकात असं वाक्य नव्हतं. पण त्या बाईंच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलेलं तिनं डोळ्यांनी बघितलं.

त्यानंतर चंद्राबाई आणखी काही गुरुवार आल्या. लेकाशी पुष्कळ दिवस बोलत नव्हत्या, तरी त्याच्याच गाडीवर मागं बसून यायच्या. माग सुरू झाले की छाती अजून कधीतरी धडधडायची, पण आता त्या माजघरातून उठून मागापाशी जाऊन बसत. मग एक दिवस त्यांनीच सांगून टाकलं की पुरे झालं, आता घरी कामं पडलीत.

पारमिताला आनंद झाला. संध्याकाळी कॅम्पातल्या बसथांब्यावर उभी असताना मात्र तिला कसंतरीच होत होतं. कसंतरी म्हणजे कसं, हे शोधायला ती धजावत नव्हती.

गणपती होऊन गेले होते. एका संध्याकाळी मंथन त्याच थांब्यावर उभा दिसला. इस्त्रीचा शर्ट, हात रिकामे.

"अव्वानं विचारलंय, तुम्ही कशा आहात."

"बरी आहे."

"अव्वा म्हणत होती की... एकदा घरी..."

"मंथन," ती हसू दाबत म्हणाली, "अव्वाचं कळलं. तुमचं काय?"

पारमिताची अनगोळची बस आली. दोघांनी तिच्याकडे बघितलं. बस निघून गेली.

"माझं..." त्यानं ओठ ओले केले. "दर गुरुवारी मी अव्वासाठी येत होतो, हे खरं हाय. पण बुधवारी रात्री शर्टाला इस्त्री करत होतो, ती अव्वासाठी न्हाय."

पारमिता रस्त्याकडे बघत राहिली. गालावर भुरभुर पडत होती, ती तिनं पुसली नाही.

"मी बुधवारी सौम्याकडं कानडी शिकते," ती म्हणाली. "तुमच्या आईंसाठी म्हणून सुरू केलं होतं. तुमच्या आई यायच्या थांबल्या... मी अजून जाते."

त्यानं तिच्याकडे असं बघितलं की तिला खाली बघावं लागलं. पुढची बसही गेली. मग ते दोघं हॉटेलात जाऊन कॉफी प्यायले, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

कप रिकामा झाल्यावर पारमिता म्हणाली, "आता माझं ऐक. आम्ही बौद्ध आहोत. माझी आजी सुलाबाई तंबाखूच्या वखारीत कामाला होती, बाबा हायस्कुलात मास्तर झाले. घरी काय सांगशील?"

"सांगीन की. निपाणीची, शिकलेलं घर, सुसंस्कृत माणसं..."

तिनं रिकामा कप बाजूला सरकवला. त्याला आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू आलं.

"पुन्हा रिक्षावाल्याच्या वेळचंच केलं मी," तो म्हणाला.

"खोटं नाही बोललास. पण ते तिथंच थांबवलंस. उद्या बाहेरून कळलं, की आई पुन्हा म्हणतील, मला सांगितलं नाही. आणि मला तुझ्या घरात गोड करून नको नेऊस. मी जी आहे, तीच ने. नाहीतर नको."

"सांगतो," तो म्हणाला. "आहे ते."

त्यानं त्याच आठवड्यात सांगितलं. फोनवर तिला म्हणाला, "सगळं सांगितलं. अव्वा काहीच बोलली न्हाय. उठून मागापाशी जाऊन बसली." पुढचे दिवस पारमितानं कामात काढले. दुसऱ्यांना शब्द शोधून द्यायची, आणि मधूनमधून फोन उघडून बघायची.

एका रविवारी सकाळी अनगोळातल्या तिच्या खोलीचं दार वाजलं. उंबऱ्यात चंद्राबाई. एकट्या. पदरानं कपाळ टिपत होत्या.

"मी बस करून आला," त्या मराठीत म्हणाल्या. "मंथन्याला न्हाय सांगितला."

पारमितानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. चंद्राबाईंनी पाणी संपवलं, खोली बघितली, भिंतीवरचा बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो बघितला.

"पोरानं सगळा सांगितला. पयल्यांदा असा सरळ बोलला." त्या थांबल्या. शब्द शोधत होत्या, मराठी आणि कानडी दोन्हींत. "मला वाटलं, मला राग आलाय. लई दिवस बघितला. राग न्हाय." त्यांनी तळहात छातीवर ठेवला. "अंजिकी."

"भीती," पारमिता म्हणाली.

"व्हय. भ्या. गल्ली काय म्हणंल, पावणे काय म्हणतील... भ्या हाय. आज पण हाय." मग त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. "तुझ्यावर राग न्हाय. ते तुला मीच सांगायचा म्हणून आला."

"मलाही भीती वाटते, अव्वा," पारमिता म्हणाली. 'अव्वा' हा शब्द तोंडातून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. चंद्राबाईंनीही ऐकला. त्यांनी फक्त हात पुढं करून तिच्या केसांवरून फिरवला, आणि चहात साखर फार टाकतेस काय, असं विचारलं.

चहा झाल्यावर ती त्यांना थांब्यापर्यंत सोडायला निघाली. कोपऱ्यावर मंथनची गाडी करकचून थांबली. सकाळपासून तो आईला अख्ख्या वडगावात शोधत होता. हेल्मेट काढलं, आणि दोघींना एका छत्रीत बघून तो गाडीवरून उतरायचंच विसरला.

चंद्राबाई त्याला भरभर कानडीत काहीतरी म्हणाल्या. तो ऐकत राहिला. त्याचे डोळे भरून आले. मग सवयीनं तो पारमिताकडे वळला, "अव्वा म्हणालीय..."

"कळलं मला," ती म्हणाली.

त्या म्हणत होत्या, विचार तिला, निपाणीला तिच्या आईवडिलांना भेटायला आम्ही कधी यायचं?

पारमितानं श्वास घेतला. सौम्यानं शिकवलेले शब्द ऐन वेळी कुठं पळाले कोण जाणे. एकच उरला होता, तिनं तो चंद्राबाईंकडे बघून म्हटला.

"बर्री."

या.