एकेरी रुळावरच्या गाड्या

हॅस्केटच्या फाटकावर मालगाडी थांबली की लोक आधी आपापली इंजिनं बंद करत आणि मग डिकीतून घडीच्या खुर्च्या काढत. दोन मैल लांबीची गाडी, पुढच्या जंक्शनवर जागा मिळेपर्यंत ती गावाच्या मधोमध आडवी पडून राहायची. गव्हाची कोठारं आणि शाळा उत्तरेला. दवाखाना, चर्च आणि नोरीनचं केस कापायचं दुकान दक्षिणेला. रूळ एकच होता, पण ओक्लाहोमातल्या या एवढ्याशा गावाचे त्याने दोन तुकडे केले होते.

क्लेटन बॉग्ज हा गावचा पोलीस, आणि या गाड्यांवर त्याचा खास राग. फार वेळ रस्ता अडवला तर दंड, असा ठराव गावाने केला होता. पण ड्रायव्हर मैलभर पुढे, पावती द्यायची कोणाला? म्हणून क्लेटन ती फाटकासमोरच्या डब्याच्या शिडीला नारिंगी फितीने बांधून टाकायचा. तो डावखुरा, त्यामुळे गाठही उफराटी. दंड कधी वसूल झाला नाही. रेल्वेला गावाचा ठराव लागू नाही, असं म्हणून कोर्ट प्रकरण परत पाठवायचं. तरी हा गडी हट्टाने बांधत राही, आणि गाव त्याच्यावर हसत राही.

त्याहून मोठी गंमत वेगळीच होती. दोन डब्यांमधल्या कपलिंगवर चढून पलीकडे उतरायला त्यानेच बंदी घातलेली, आणि ती बिनदिक्कत मोडणारी बाई त्याच्याच घरातली. दुपारी गाडी अडली की नोरीन नवऱ्याचं जेवण घेऊन कपलिंगवरूनच यायची.

त्या दुपारीही तिचा फोन आला.

“साहेब, चढतेय हं मी. अटक करायची तर जेवण झाल्यावर करा.”

“नोरीन, गुडघ्याचा तरी विचार कर. गाडी कधीही हलेल.”

“तुझ्या गाड्या हलतात कधी? मक्याचा पाव आत्ताच ओव्हनमधून काढलाय. गप उभा राहा.”

डब्याखालून पलीकडचा रस्ता दिसत होता. तिचे लाल बूट खडीवरून आले, शिडीपाशी थांबले आणि वर गेले. तेवढ्यात मागे कोणीतरी हॉर्न वाजवला. क्लेटनने वळून त्याला हाताने दटावलं आणि पुन्हा समोर पाहिलं. कपलिंगवर कोणी नव्हतं.

“क्लेटन, तू आहेस कुठे?” फोन चालूच होता.

“कुठे म्हणजे? इथेच. तू कुठे आहेस?”

“मी उतरले की. पण इथे दुसरी गाडी उभी आहे.”

त्याला हसू आलं. “रूळ एक आहे, बाई.”

“ते तू मला सांगणार? जन्म गेला माझा इथे. पण समोर आहे ना उभी!”

त्याने वाकून डब्याखाली पाहिलं. लाल बूट दिसेनात. स्वतःचीच बंदी विसरून तो कपलिंगवर चढला आणि पलीकडे उतरला. तिथे नेहमीचा रस्ता, नेहमीची रांग, आणि पहिल्या खुर्चीत गॅरेजवाला अर्ल.

“अर्ल, नोरीन कुठे गेली?”

अर्लने दातातली काडी काढली. “तुझ्याकडेच चढली ना आत्ता? माझ्या डोळ्यांदेखत.”

क्लेटनने फोन पुन्हा कानाला लावला. “नोरीन, ऐक. मागे फीर.”

“फिरले की. मागची गाडीही ती नाही रे. आधीची हिरवी होती, ही गंजलेली आहे.” तिच्या आवाजात भीती नव्हती, नवल होतं. “आणि गंमत सांगू? हिच्या शिडीला तुझी फीत आहे. उन्हाने पार पांढरी पडलीय, पण गाठ तुझीच. उफराटी.”

“तिथेच थांब.”

“थांबून काय करू? पुढच्या गाडीची फीत जरा नवी दिसतेय. मी पुढेच येते.”

दूर कुठेतरी ब्रेकची हवा सुटली. तो आवाज हॅस्केटमधल्या पोरासोरांनाही कळतो. गाडी आता निघणार होती. नोरीनचा फोन चालूच ठेवून क्लेटनने अर्लच्या हातातला फोन हिसकावला आणि फाटकाच्या निळ्या पाटीवरचा रेल्वेचा नंबर लावला. ‘गाडी हलवा’ म्हणून रोज फोन करून तो त्याला तोंडपाठ झाला होता.

“हॅस्केटहून बॉग्ज बोलतोय. फाटकावरची गाडी...”

“हलवतोच आहोत, साहेब,” पलीकडची बाई कंटाळून म्हणाली.

“हलवू नका! उभी ठेवा!”

“तुम्ही बॉग्जच ना?”

चाकं फिरू लागली. क्लेटन शिडीवर हात ठेवून गाडीबरोबर धावला आणि शेवटी त्याला हात सोडावा लागला. सगळे डबे गेले. दोन्हीकडची माणसं खुर्च्या मिटत एकमेकांकडे बघत होती. त्यांच्यात नोरीन नव्हती.

“गाडी सुटल्याचा आवाज आला,” ती कानात म्हणाली. “पण इथली एकही हलली नाही रे.”

आणि फोन कट झाला.

पुढे पोलिसी कुत्री आली, शेतं आणि विहिरी पालथ्या घातल्या गेल्या. काहीच हाती लागलं नाही. मात्र दुपारी क्लेटन एकटा फाटकावर उभा राहिला की फोन वाजायचा. ती दमलेली नसायची, तिला भूक लागलेली नसायची. तिच्या लेखी तीच दुपार चालू होती. अर्लने एकदा तो फोन कानाला लावला, थोडा वेळ ऐकलं आणि क्लेटनच्या हातात परत ठेवला. तेव्हापासून तो फाटक टाळून लांबच्या पुलावरून जातो. क्लेटनने फिती बांधणं सोडलं, आणि गावाने त्याच्यावर हसणं.

हिवाळा सरला. कोठारांमागच्या शेतात गहू गुडघाभर वाढला.

“क्लेटन, या गाडीची फीत अगदी कोरी आहे.”

“ती शेवटची. त्यानंतर मी बांधलीच नाही.”

“मग पुढच्या बिनफितीच्या असतील. दिसतायत थोड्या. येते.”

तो रोज तिला धीर देत राहिला, आणि खरं तर तीच त्याला.

मग एका दुपारी ती ओरडलीच, “रस्ता! कपलिंगमधून रस्ता दिसतोय! तुझी टोपी दिसतेय. अरे, किती वाळलास तू!”

समोर मोकळा रूळ होता. क्लेटनने त्या मोकळ्या रुळावर हात पुढे केला. त्याला रडू आवरत नव्हतं. “उडी मार, नोरीन. मी धरतो.”

“गुडघा रे माझा. जरा दम धर, शिडी चढते.”

फाटकाची घंटा वाजू लागली.

आडवे दांडे खाली आले. रुळावर दुरून इंजिन येत होतं. क्लेटन रुळाकडेला धावला आणि दोन्ही हात हलवत किंचाळला, “थांबू नका! जा! पुढे जा!”

डब्यामागून डबे गेले. मग वेग मंदावला.

ब्रेक करकरले. एका कानाला ते समोरून ऐकू आले. दुसऱ्या कानाला फोनमधून.

गाडी थांबली.

“आणखी एक आली,” नोरीन म्हणाली. “असू दे. पाव अजून गरम आहे.”