मागच्या रांगेतला प्रश्न

तुळशीरामजी लांजेवार वारले त्याला बरीच वर्षं झाली होती, तरी सोमवारच्या बाजारात ते हात जोडून मतं मागत फिरत होते. प्रचाराच्या गाडीवर उभं असलेलं त्यांचं प्रकाशरूप वांग्यांच्या ढिगापाशी थांबे, भाजीवालीला नावानं हाक मारी आणि म्हणे, "बाई, यंदा माझ्या प्रणयले सांभाळून घ्या."

या करामतीला 'पुनर्वाणी' म्हणत. माणसाची जन्मभराची भाषणं, मुलाखती, घरातल्या चित्रफिती यंत्राला शिकवल्या, की यंत्र त्याच्याच आवाजात, त्याच्याच लकबीनं बोलू लागे. कायद्याची अट एवढीच होती, की गेलेल्या माणसाचा स्वभाव बदलायचा नाही. त्याला काय सांगायचं आणि काय लपवायचं, याबद्दल कायदा गप्प होता.

गाडीसमोरच तुळशीरामजींची थोरली मुलगी वंदना विरोधी उमेदवाराची पत्रकं वाटत होती. लोकांना आयतीच करमणूक झाली होती.

"बाप तिकडं न् तू इकडं, वंदनाबाई?" एका दुकानदारानं विचारलंच.

"बाप वर गेला," ती म्हणाली. "गाडी भावाची हाय."

ती बोलली ताठ मानेनं, पण तो आवाज कानावर पडला की पत्रक पुढं करायचं विसरून ती गाडीकडे पाहत राही.

भांडण तलावाचं होतं. तिचा धाकटा भाऊ प्रणय इथला आमदार. त्यानं गावाचा जुना तलाव एका कंपनीच्या विदागाराला द्यायचं कबूल केलं होतं. विदागार म्हणजे संगणकांचं अवाढव्य कोठार. तिथली यंत्रं अहोरात्र तापतात आणि त्यांना थंड ठेवायला पाणी लागतं. पाणी तिकडे गेलं की ढिवरांची मासेमारी संपली आणि खालच्या बांध्यांतला, म्हणजे भातखाचरांतला, धानही वाळला. म्हणून मासेमारी संस्थेची कुंदा नान्हे प्रणयविरुद्ध उभी होती आणि वंदना तिच्यासोबत. गंमत अशी, की तुळशीरामजींना बोलतं करणारी यंत्रंही त्याच कंपनीची होती.

शेवटच्या सभेच्या सकाळी प्रणयचा फोन आला. "ताई, घराण्याची शोभा होऊन राहिली. निदान आज तरी गप बस."

"सभेले येतो मी," वंदना म्हणाली. "बाबाले ऐकाले."

तुळशीरामजींची एक रीत होती. सभेत आधी लोकांचा एक प्रश्न घेतल्याशिवाय ते भाषणाला सुरुवात करत नसत. प्रणयच्या माणसांना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी पहिल्या रांगेत आपला एक माणूस पढवून बसवला होता. पण प्रणय लहानपणापासून व्यासपीठावरच बसत आलेला. बाबा प्रश्न नेहमी बायांच्या बाजूनं, तोही सगळ्यात मागे बसलेलीकडून घेत, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. वंदनाला ते पक्कं ठाऊक होतं, कारण ती दरवेळी तिथं बसलेली असायची. शाळेच्या मैदानावर आजही ती तिथंच जाऊन बसली.

प्रकाशरूप उजळलं. पढवलेल्या माणसानं हात वर केला. तुळशीरामजींनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"त्या मागच्या बाईले माईक द्या," ते म्हणाले. वंदना उठली. "वंदना? इतक्या माघं काहून बसली व?"

"तुम्हीच बसवत होते, बाबा." तिनं माईक तोंडाजवळ धरला. "बाबा, आपला तलाव कंपनीले देऊन राहिले. मासोळी बंद, धानाचं पाणी बंद. तुम्ही काय केलं असतं?"

तुळशीरामजींनी चष्मा काढला आणि उपरण्याच्या टोकानं पुसला. जिवंतपणी राग आला की ते असंच करत.

"सही कोनाची हाय?"

"तुमच्या लेकाची."

यंत्र चालवणाऱ्यानं बटणावर बोट ठेवून प्रणयकडे पाहिलं. प्रणयनं तोंड उघडलं, पण भर सभेत बापाचा आवाज बंद करा म्हणायला त्याची जीभ रेटेना.

"तलावाच्या बाजूनं कोन उभं हाय?"

"कुंदा नान्हे."

"भाऊराव नान्ह्याची पोर?" म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. "मंग मले काय विचारता? मत तिले द्या. प्रणय, तू पोरगा हाय माहा. पण तलाव गावाचा हाय."

टाळ्या आधी बायांच्या बाजूनं पडल्या, मग साऱ्या मैदानानं उचलल्या. व्यासपीठावर प्रणयशेजारी बसलेली आई उठली, पायऱ्या उतरून मैदान ओलांडत मागे आली आणि वंदनाला खेटून बसली. वंदनाला वाटलं, आपण आत्ताच निवडणूक जिंकलो.

कुंदा निवडून आलीही, प्रणयला पार लोळवून. मिरवणूक ढोल वाजवत तलावाच्या पाळीवर पोचली. ढिवरांनी पाण्यावर गुलाल उधळला, आईनं कुंदाला ओवाळलं, वंदना तर ढोलाच्या तालावर मनसोक्त नाचली. कंपनीशी ठरलेला करार आता पुढे जाणार नव्हता. तलाव वाचला होता.

"पुढल्या येळीबी तुळशीरामजीलेच विचारू," गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

कुंदा वंदनाजवळ सरकली. "ताई, बाबांनी प्रणयचंच नाव घेतलं असतं तर?"

"तरी मी तुह्याच संग होती."

"तुह्यं मले मालूम हाय," कुंदा म्हणाली. तिनं पाळीवरच्या गर्दीकडे पाहिलं. लोक तिला खांद्यावर घ्यायला येत होते, आणि घोषणा तुळशीरामजींच्या देत होते. "पन हे सारे कोनासंग असते?"