सहा नंबरची हजेरी

चाळीस वर्षं वर्तमानपत्रात काढली. दुजोरा मिळाल्याशिवाय ओळ छापली नाही. ही हकीकतही तशीच तपासलेली आहे. फक्त जहाजाचं नाव देत नाही.

मार्च १९४५. जपानच्या किनाऱ्यापासून पन्नास मैलांवर, सकाळी सातला, एका अमेरिकी विमानवाहू जहाजावर दोन बॉम्ब पडले.

माझे काका वेंडेल क्रूपा तेव्हा वीस वर्षांचे. आयोवातल्या मक्याच्या शेतातून आलेले, म्हणून त्यांचा दोस्त ऑरिन टीग त्यांना 'मक्या' म्हणायचा.

दोघंही जहाजावरचे फोनवाले. कानाला हेडसेट. दर पहाऱ्याला काका नंबर पुकारणार, ठिकठिकाणचे फोनवाले हजेरी देणार. त्या फोनला वीज लागत नसे. बोलणाऱ्याच्या आवाजाच्या जोरावरच तो चाले.

म्हणजे पलीकडे कुणीतरी बोललंच पाहिजे.

ऑरिन सहा नंबरला, तळाच्या पंपघरात. पाणी चढू लागलं तसा हुकूम आला, पंपघराचं दार लावा. काकांनी बाहेरून आठही खिट्ट्या आवळल्या.

आधी सहा नंबरला विचारायचा नियम होता. घाईत काकांनी विचारलं नाही.

जहाज बुडालं नाही. एका अंगाला कललेलं, जळकट वासाचं, सातशे माणसांनिशी न्यूयॉर्कच्या वाटेला लागलं.

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी बाराला, काका हजेरी घेत होते.

चार... हजर. पाच... हजर.

सवयीनं तोंडातून गेलं, "सहा?"



मग खरखर...

"सहा हजर. मक्या, कॉफी पाठव की रे, कंजूष."

काका धावत आपल्या वरिष्ठाकडे, चीफकडे गेले. "दार उघडा. ऑरिन जिवंत आहे."

"पोरा, खाली छतापर्यंत पाणी आहे. उघडलं तर जहाज आडवं होईल. सातशे जणांना बुडवतोस?"

त्यानंतर काका रोज बाराला विचारत राहिले. रोज उत्तर येत राहिलं.

"सहा हजर. घर किती लांब?"

पनामा ओलांडल्यावर आवाज जड झाला... ओला.

"सहा हजर. मक्या, दार कुणी लावलं रे?"

काकांनी हेडसेट काढून ठेवला.

न्यूयॉर्कला पाणी उपसून दार उघडलं. ऑरिन आपल्या जागेवर बसलेला होता. डॉक्टर म्हणाले, पहिल्याच स्फोटात गेला. फोनची वायर तीन ठिकाणी जळून तुटलेली होती.

काकांनी ती वायर स्वतः हातात धरून पाहिली. तरी घरी आल्यावर जन्मभर एकही दार लावलं नाही. न्हाणीघराचंसुद्धा नाही.

१९८३ च्या मार्चमध्ये ते तळघरात मेलेले सापडले.

दुपारी बाराच्या सुमाराचा मृत्यू. तळघराचं दार बाहेरून कडी घातलेलं.

घरात ते एकटेच राहत.

अंत्यविधीला चार नंबरचा फोनवाला, डेल्बर्ट हॅस्किन्स, आला होता. मी त्याला विचारलं, "तुम्हालाही ऐकू यायचं?"

"लाईन एकच होती, बाबा. सगळ्यांना ऐकू यायचं. वेंडेलनं हेडसेट काढला की ऑरिन आम्हाला विचारायचा. दार कुणी लावलं, दार कुणी लावलं... झोप उडाली होती आमची."

"मग?"

डेल्बर्टनं कॉफीचा कप खाली ठेवला.

"प्रवासाच्या शेवटच्या दिवशी नाव सांगून टाकलं."

काकांनी जहाजावरून आणलेला हेडसेट आता माझ्या टेबलावर असतो. वायर कशालाच जोडलेली नाही.

दुपारी बाराला मी त्या खोलीत थांबत नाही.