राउटरला दिसलेलं दुसरं माणूस

सुलभाताई बेडेकरांच्या राउटरने पुन्हा तोच हट्ट धरला होता. ‘घरात राहणाऱ्या व्यक्ती: एक’ असं भरून त्या झोपायच्या, जतन झाल्याची हिरवी खूणही यायची, आणि सकाळी पाहावं तर तिथे पुन्हा ‘दोन’. बंद करून चालू करून झाला, मागच्या भोकात टाचणी खुपसून झाली, मेलबर्नहून मुलाने, तन्मयने, नवं सॉफ्टवेअर घालून पाहिलं. फरक शून्य.

एरवी त्यांनी हा नाद सोडून दिला असता. पण आता राउटर नुसतं इंटरनेट पुरवत नसे, घराची राखणही करी. त्याच्या रेडिओलहरी माणसांच्या अंगावर आपटून परत येत, आणि त्यांवरून कोण चाललं, कोण बसलं, कोण पडलं, हे त्याला कॅमेऱ्यावाचून कळे. मागच्या महिन्यात सुलभाताई न्हाणीघरात घसरल्या, तेही त्याला कळलं होतं. पण घरात दुसरं माणूस आहे, ते उचलेल, अशा समजुतीने तो स्वस्थ बसला. कामवाली वेळेवर आली म्हणून निभावलं. ते दुसरं माणूस, म्हणजे त्यांचे यजमान नाना, जाऊन वर्ष होत आलं होतं.

“आई, ते ‘एक’ टिकलं नाही तर मी तुझं तिकीट काढतो. इकडे यायचं, बस्स,” तन्मयने बजावलं. सांगली सोडायला सुलभाताई मुळीच तयार नव्हत्या; त्यांनी थेट कंपनीकडे तक्रार केली.

म्हणून डॉ. यास्मिन मणेर घरी आल्या. या राउटरचं गणित मांडणाऱ्या गटातल्या त्या शास्त्रज्ञ. तक्रार ऐकून त्यांना इतकं कुतूहल वाटलं की दुरुस्तीवाल्याला न पाठवता त्या स्वतःच आल्या आणि सुलभाताईंचं जेवण नि भांडी उरकेपर्यंत पडद्यावरचे आलेख न्याहाळत बसल्या.

“काकू, हा बिघडलेला नाही,” अखेर त्या म्हणाल्या. “चोर बाहेरून सेटिंग बदलायला लागले, तेव्हा आम्ही एक अट घातली. तुम्ही काही भरलंत की तो ते आधी वावरलेख्याशी ताडून पाहतो. पटलं तरच ठेवतो.”

“वावरलेखा म्हणजे काय हो?”

“घरातली माणसं कशी वावरतात, याची त्याने धरलेली आठवण. तुम्ही सांगता एक, तुमचा वावर सांगतो दोन.”

“अगंबाई! भूत दिसतं की काय त्याला?”

यास्मिन हसल्या. “नाही, तुम्हीच दिसता. आत्ता जेवताना मध्येच उठून शेगडीपाशी गेलात. एकटं माणूस कशाला उठेल?”

“ह्यांना पोळी तव्यावरचीच लागायची.”

“त्या आरामखुर्चीला वळसा घातलात.”

“पाय लांब करून बसायचे ना हे.”

“आणि आत्ता भांडी आवरताना चवड्यांवर चालत होतात.”

“दुपारची झोप फार सावध होती ह्यांची,” सुलभाताई पुटपुटल्या.

“माणूस गेलं तरी त्याच्यासाठी सोडलेली जागा या राउटरला दिसते, काकू.”

सुलभाताई त्या डबीकडे बघतच राहिल्या. एवढ्या वर्षांत नवऱ्याच्या लक्षात आलं नाही, पोटच्या पोराच्या नाही, आणि या तळहाताएवढ्या यंत्राने सगळं टिपलं होतं! त्यांना त्याचं विलक्षण कौतुक वाटलं, आणि डोळेही भरून आले.

“मग आता करू काय?”

“एकट्या माणसासारखं वावरा. तो शिकेल.”

बोलणं सोपं होतं. खुर्ची आली की पाय आपसूक वळत. पहिल्यांदा तिच्यात टेकल्या तेव्हा चोरी केल्यासारखं वाटलं. मग त्या नेटाने रोज बसू लागल्या, पाय लांब करून. पहिली पोळी स्वतःच्या ताटात घेतली आणि बसल्या बैठकीला जेवल्या. भर दुपारी रेडिओ लावला, भांडी आपटली, टाचा टेकवून चालल्या. रात्री भिंतीला चिकटून न झोपता पलंगाच्या मध्यावर झोपल्या. हळूहळू त्यांना मजा येऊ लागली, आणि मजा येते याची लाजही वाटू लागली.

एका सकाळी ‘एक’ टिकलं. सुलभाताईंनी स्वतःसाठी आलं घालून चहा केला आणि खुर्चीत बसल्या. तोच तन्मयचा फोन आला. आवाज घाबराघुबरा.

“आई, तू कुठे आहेस? बाहेर आहेस का? राउटरने मला इशारा पाठवलाय!”

“कसला इशारा? ‘एक’ तर टिकलंय.”

“एकच आहे गं, पण ती तू नाहीस म्हणतोय! तुझी नोंद म्हणजे चवड्यांवर चालणारी, जेवताना उठणारी, खुर्ची टाळणारी व्यक्ती. ती घरात कुठेच सापडत नाही त्याला. कुणी अनोळखी बाई नानांच्या खुर्चीत बसलीय!”

सुलभाताईंनी कप खाली ठेवला. वळसे गेले, चवडे गेले, मधलं उठणं गेलं, आणि त्यांच्याबरोबर राउटरला ठाऊक असलेली सुलभाही गेली. तिच्यात दुसरं काही त्याला कधी दिसलंच नव्हतं. खोटं बोलणाऱ्यांतला तर तो नव्हता.

“आई, बोल ना! कोण आहे ती?”

“अरे, माझीच अजून ओळख व्हायचीय तिच्याशी,” सुलभाताई म्हणाल्या.