दाढ काढण्याआधीची गोळी

दातांचा डॉक्टर म्हणून तो हुशार, पण महाकटकट्या. खुर्चीत बसण्याआधी प्रत्येकाकडून फॉर्म भरून घ्यायचा: मधुमेह, रक्तदाब, हृदयाची झडप. एकट्या दादाकडून कधी घेतला नाही. सख्ख्या भावाला काय विचारायचं? दादाची झडप लहानपणापासून अधू, हे त्याला पाठ होतं. दाढ काढण्याआधी तासभर अँटिबायोटिकची गोळी द्यायची, हेही पाठ होतं. दादाची दाढ काढली त्या दिवशी गप्पांच्या नादात तेवढंच राहून गेलं.

तीन आठवडे दादाचा ताप हटेना. मग एका सकाळी दाढी करता करता तो कोसळला. झडपेवर जंतूंनी घर केलं होतं. तिथून सुटलेली गुठळी मेंदूत जाऊन बसली आणि डावी बाजू गेली.

वॉर्डात दादाने विचारलं, "गोळी दिली होतीस ना रे?"

"दिली होती की! तुला आठवत नसेल." त्याने बेधडक ठोकून दिलं. स्वतःची किळस आली, पण शब्द मागे घेतला नाही.

दादा आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिला. "हा माझा नाही. तुझा आहे. घेऊन जा."

"या आजारात होतं असं. स्वतःचा हात परका वाटतो," मेंदूचे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी त्या तळहातात सुई टोचली. दादाला पत्ताच नाही. चार पावलांवर उभ्या असलेल्या धाकट्याने मात्र आपला डावा हात झटकला.

मनाचे खेळ, त्याने स्वतःला दटावलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात काम करताना, कुणीतरी त्याचा डावा हात धरून बसल्यासारखं वाटत होतं. अंगठीचा खडा रुतत होता. संध्याकाळी वहिनी म्हणाली, "आज दिवसभर ह्यांचा हात धरून बसले होते." तिच्या बोटात खड्याची अंगठी होती.

सगळं कबूल करायचं ठरवून तो सकाळी हॉस्पिटलात पोचला. लिफ्टमध्येच डावा हात गारठला.

दादा गेला होता.

पुतण्या परदेशातून यायचा होता, म्हणून देह शवागारात ठेवला. दोन दिवस धाकटा गरम पाण्यात हात बुडवून बसला. पाणी निवायचं. हात काही ऊब धरेना.

वहिनीचा फोन आला. "उद्या चारची वेळ मिळालीय, विद्युतदाहिनीत."

"वहिनी... पुरलं तर नाही का चालणार?"

"काहीतरीच काय, भावजी! ह्यांनीच सांगून ठेवलंय. बटणही तुम्हीच दाबायचं. डाव्या हाताने."

"डाव्या?"

"हो. उजवा राहू दे म्हणाले, दाढा काढायला लागेल त्याला."